घर जळाल्यानंतर नोटा, कागदपत्रे आणि विम्याचा दावा : मार्गदर्शन हवे आहे

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या घराला नुकतीच आग लागली. घर जुने, लाकडी माडीचे. माडीवरच्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झाले असावे, असे अग्निशमन दलाचे म्हणणे आहे. आई त्या वेळी शेतावर होती, त्यामुळे कोणालाही इजा झाली नाही. तलाठ्यांनी पंचनामा केला असून सध्या आई काकांकडे राहते आहे.

आधार, पॅन वगैरे पुन्हा मिळेल, त्याची चिंता नाही. पण धान्य विकून आलेली रोख रक्कम आईने लोखंडी कपाटात पत्र्याच्या डब्यात ठेवली होती आणि त्या नोटांचा आता काळा, एकमेकांना चिकटलेला गठ्ठा झाला आहे. तालुक्याच्या बँकेने तो घेण्यास नकार दिला. बँकेचे हे वागणे नियमाला धरून आहे का, आणि असल्यास आम्ही जायचे कुठे?

दुसरी अडचण विम्याची आहे. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज घेतले तेव्हा बँकेने घराचा विमा उतरवला होता. त्याचा कागद ट्रंकेतच जळाला. सामानाची भरपाई मागायची तर पावत्या लागतील, असे जो तो सांगतो, परंतु वीस-पंचवीस वर्षांत जमलेल्या संसाराच्या पावत्या कोणाकडे असतात? राख व मोडतोड लगेच उचलावी असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे, कारण त्यांच्या भिंतींनाही धग लागली आहे. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, पण दाव्याआधी हात लावावा की नाही, हे कळत नाही. गॅस सिलिंडरवर विमा असतो असे ऐकले आहे, तो येथे लागू होईल का? शिवाय बहिणीची दहावी-बारावीची गुणपत्रके आणि वडिलांच्या निधनाचा दाखलाही गेला आहे. ज्यांनी या प्रक्रियेतून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आधी नोटांविषयी. बँकेने नकार दिला तो नियमानुसारच आहे. फार जळालेल्या किंवा सुट्या न होणाऱ्या नोटा बँकेच्या शाखा बदलून देत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात (नोटांचे काम पाहणाऱ्या ‘इश्यू ऑफिस’मध्ये) द्याव्या लागतात आणि तेथे विशेष पद्धतीने त्यांची तपासणी होते. आपल्याला मुंबईचे कार्यालय सोयीचे पडेल. गठ्ठा सोडवण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. किती रक्कम मिळेल हे शिल्लक राहिलेल्या भागावर ठरते : पन्नास रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी किंमत मिळते. म्हणून डब्यासकट, कापसात बसवून न्या.

विमा कंपनीला आजच लेखी कळवा आणि नुकसानीची पाहणी करणारा तिचा सर्वेक्षक येऊन पाहून जाईपर्यंत ढिगारा हलवू नका. शेजाऱ्यांच्या भिंतीला धोका असेल तर तेवढाच भाग, आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून, बाजूला करा. पॉलिसीची प्रत कर्ज देणाऱ्या बँकेकडे मिळेल. ती ‘भारत गृह रक्षा’ (१ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेला घराच्या विम्याचा प्रकार) असेल आणि त्यात इमारत व सामान असे दोन्ही संरक्षण घेतलेले असेल, तर घरातील सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप असते. मात्र कर्जासोबतचा विमा पुष्कळदा फक्त इमारतीचा निघतो, तेव्हा तो कागद हाती आल्याशिवाय हिशेब मांडू नका. पावत्या नसल्या तरी नातेवाइकांच्या फोनमधील गौरी-गणपती व लग्नकार्याची छायाचित्रे पाहा. मागे दिसणारे कपाट, टीव्ही, फ्रीज हाच उपयोगी पुरावा ठरतो.

गॅसचा विमा स्वयंपाकाचा गॅस हेच आगीचे मूळ कारण असल्यास मिळतो, त्यामुळे येथे त्याची आशा धरू नये. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मोडते, तेव्हा पंचनाम्याची प्रत जोडून तहसीलदारांकडे मदतीचा अर्ज मात्र जरूर द्या. दुय्यम गुणपत्रकांसाठी कोल्हापूर विभागीय मंडळाकडे आणि मृत्यूच्या दाखल्यासाठी जेथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे जावे लागेल. अग्निशमन दलाचा दाखला अजून घेतला नसेल तर तो आधी घ्या, कारण विमा कंपनी तो मागेलच.