मार्कंड्याच्या शिल्पांविषयीचे जुने संदर्भ ऑनलाइन कोठे मिळतील?

प्रश्न: वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिरसमूहातील शिल्पांवर मी प्रबंध लिहीत आहे. मोठे ग्रंथालय दूर आहे आणि गावात नेटवर्क फक्त गच्चीवर मिळते. जुने संदर्भ कोठे शोधावेत?

प्रतिसाद १: इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर पुरातत्त्व खात्यातील अधिकारी हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी पाहावी. मार्कंडा आज गडचिरोली जिल्ह्यात असले, तरी ‘गडचिरोली’ असे शोधू नये, कारण हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि ब्रिटिशकालीन अहवालांत चंद्रपूरचे नावही ‘चांदा’ असेच आहे.

प्रतिसाद २: फाइल रात्री उतरवून घ्यावी. जुन्या छपाईतील अक्षरे संगणक चुकीची वाचतो, म्हणून शोधावर विसंबून न राहता अनुक्रमणिका स्वतः चाळावी.

प्रश्नकर्ता: ‘चांदा’ टाकताच वाट सापडली, आभारी आहे.