मदत हवी आहे : लेकीचा न्यू मेक्सिकोवरचा प्रोजेक्ट

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीत राहतो. लेक चौथीत आहे, शुक्रवारपर्यंत राज्याची माहिती एका पुठ्ठ्यावर मांडायची आहे. नकाशा झालाय. मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी रिओ ग्रांदे नदी, वरच्या बाजूला राजधानी सांता फे. व्हाइट सँड्स या पांढऱ्या वाळवंटाची वाळू जिप्समची, म्हणून तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड चिकटवली, पण हात लागला की झडते. दुसरं काय वापरू?

राज्याचा पक्षी रोडरनर आणि राज्याचं फूल युक्का तिनेच काढलं, छान जमलंय.

खरी अडचण इतिहासाची. १८२१ पर्यंत स्पेन, मग मेक्सिको, १८४८ च्या तहानंतर अमेरिका, आणि ४७वं राज्य व्हायला १९१२ उजाडलं. पण प्वेब्लो लोक, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी जमाती, या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथले. त्यांना एका ओळीत उरकणं मला अजिबात पटत नाही. राज्याच्या झेंड्यावरचा लाल सूर्य झिया या प्वेब्लो जमातीचं पवित्र चिन्ह आहे. चार बाजूंना चार-चार किरण : दिशा, ऋतू, दिवसाचे प्रहर, आयुष्याचे टप्पे.

सगळी मांडणी या सूर्यापासूनच सुरू करावी का? मुलांसोबत असं काही केलेल्यांनी कृपया सांगा.