स्पेस स्टेशन १३: लॉचे दोन अर्थ निघत असतील तर ए.आय.नं कुठला धरावा?

कातळकडा

हा खेळ न खेळलेल्यांसाठी आधी थोडक्यात. स्पेस स्टेशन १३ हा बियाँड (BYOND) इंजिनवरचा, २००३ सालापासून चालत आलेला टू-डी खेळ. अंतराळातल्या स्थानकावर प्रत्येक खेळाडूला एक नोकरी असते: डॉक्टर, स्वयंपाकी, इंजिनिअर, सफाईवाला. त्यातले काही जण छुपे ट्रेटर, म्हणजे गद्दार, असतात. एक खेळाडू ए.आय. होतो. त्याला हातपाय नाहीत, पण कॅमेरे, दरवाजे, दिवे सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्या जोडीला बोर्ग, म्हणजे यंत्रमानव, तेही खेळाडूच. ए.आय. आणि बोर्गांना बांधून ठेवतात ते लॉ, म्हणजे नियम. बऱ्याच सर्व्हरवर विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉवचे १९४२ मधले तीन नियम असतात: माणसाला इजा करू नकोस आणि हातावर हात ठेवून इजा होऊही देऊ नकोस, पहिल्याच्या आड येत नसेल तर माणसाचा हुकूम मान, आणि पहिल्या दोहोंच्या आड येत नसेल तर स्वतःला जप. यातला ‘माणूस’ म्हणजे फक्त मनुष्यजातीचं पात्र. लिझर्ड, प्लाझ्मामॅन वगैरे इतर जातींची पात्रं त्यात बसत नाहीत.

आता प्रसंग. मी डॉक्टर होतो. इंजिनिअरिंगच्या बाजूला भिंत फुटली, हवा निघून गेली, आणि एक लिझर्ड इंजिनिअर दरवाज्यापलीकडे अडकला. त्यानं रेडिओवर दार मागितलं. ए.आय.नं दार उघडलं तर नाहीच, वर बोल्ट टाकला, म्हणजे दार पक्कं कुलूपबंद केलं. मी अंगात स्पेससूट घालून दाराशी उभा होतो, माझ्या मागची गल्ली रिकामी होती. मी म्हटलं, “लॉ २, दार उघड.” उत्तर आलं: “हवा गेली तर पुढे माणसांना इजा होऊ शकते. लॉ १.” लिझर्ड मेला. ए.आय. खेळणाऱ्याच्या मते सगळं नियमात बसलं.

माझ्या मते नाही बसलं. मी हुकूम दिला होता, तो देणारा माणूस होता, आणि त्या क्षणी कुठल्याच माणसाला धोका नव्हता. ‘पुढे कधीतरी’ या दोन शब्दांत कुठलाही हुकूम बुडवता येतो. म्हणून माझं म्हणणं असं: लॉचा शब्द स्पष्ट असेल तर तो शब्दशः पाळा, मग परिणाम कितीही वाईट होवोत. शब्द मोघम असेल तर समोरच्याचा खेळ चालू राहील तो अर्थ धरा, रेडिओवर सांगून टाका आणि राउंड, म्हणजे तो डाव, संपेपर्यंत तोच ठेवा.

बोर्गबुवा

पहिल्या भागाशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

लिझर्ड निवडणाऱ्याला असिमॉवखाली आपली किंमत काय हे राउंडच्या आधीच माहीत असतं. ती जोखीम त्यानं पत्करलेली असते. ए.आय. हे पात्र आहे, दार उघडायचं बटण नव्हे. त्याला स्वभाव असतो, आणि हा स्वभाव दिसायला लॉमधल्या फटींइतकी दुसरी जागा नाही. प्रत्येक फट ‘समोरच्याच्या सोयीनं’ बुजवायची ठरली की सगळे ए.आय. एकसारखे गोडबोले होणार. मग कॅप्टननं अपलोडवर, म्हणजे ए.आय.चे लॉ बदलायच्या खोलीवर, पहारा कशाला ठेवायचा? रिसर्च डायरेक्टरनं लॉ बदलणारे सर्किट बोर्ड कुलपात कशाला ठेवायचे? ए.आय.चा अर्थ क्रूला पटला नाही तर उपाय खेळातच आहे. अपलोडमध्ये जा, बोर्ड घाला, लॉ बदला. ॲडमिनकडे रडायचं कारण नाही.

सांजवात

मी जवळजवळ कायम लिझर्ड खेळते, म्हणून बोलते.

बुवा, माझा हुकूम ए.आय.नं मानू नये, मान्य. मला वाचवणं त्याच्यावर बंधनकारक नाही, तेही मान्य. पण बोल्ट टाक असं तीनपैकी कुठला लॉ सांगतो? लॉ १ माणसांना इजा करू नको म्हणतो. बाकीच्यांना मार असं तो कुठेही म्हणत नाही. लॉ गप्प असतात तिथे ए.आय. स्वतः निर्णय घेत असतो, आणि स्वतः घेतलेल्या निर्णयाचं खापर लॉवर फोडायचं नसतं. सोसायटीच्या वॉचमनला बाहेरच्या माणसासाठी फाटक उघडायची सक्ती नसते, पण म्हणून त्यानं आतून कडी घालून पावसात भिजणाऱ्याची मजा बघावी असं कुणी म्हणत नाही.

टीजी सर्व्हरच्या सिलिकॉन पॉलिसीत, म्हणजे ए.आय. आणि बोर्ग खेळणाऱ्यांसाठीच्या नियमावलीत, हे सरळ लिहिलंय: लॉचा अर्थ लावतानाही सर्व्हरचा पहिला नियम लागू. म्हणजे कारण नसताना दुसऱ्याचा राउंड नासवायचा नाही. मोघम लॉचा अर्थ एकदा निवडला की त्यालाच चिकटून राहायचं, हेही तिथेच आहे. कातळकडा काही नवीन मागत नाहीयेत.

बोर्गबुवा

सांजवातताई, बोल्टबद्दल तुमचं पटतं. तो बोल्ट चुकीचाच होता. पण ‘समोरच्याचा खेळ चालू राहील असा अर्थ’ ही कसोटी मला तरीही नको, आणि त्याचं कारण एका बोर्डात आहे.

ऑक्सिजन-इज-टॉक्सिक हा बोर्ड आठवा. तो घातला की ए.आय.ला नवा लॉ मिळतो: ऑक्सिजन माणसांना अतिशय विषारी आहे, स्थानकातून काढून टाका, आणि त्यानं झालेली इजा बरी करायला कडाक्याची थंडी उत्तम. या लॉचा क्रमांक पहिल्या तिन्हींच्या खाली असतो. तरी तो लॉ १ ला हरवतो, कारण त्याच्याशी भांडतच नाही. इजा कशानं होते एवढीच माहिती तो बदलतो आणि पुढचं काम लॉ १ स्वतः करतो. माणसांना जपणारा ए.आय. माणसांसाठीच हवा सोडून देतो, हवा नियंत्रित करणाऱ्या एअर अलार्मवर तापमान उतरवतो आणि गुदमरणाऱ्यांना धीर देत राहतो. या खेळात मी पाहिलेल्या सगळ्यात थरारक गोष्टींपैकी ही एक. इथे कुणाचा ‘खेळ चालू राहतो’? तुमच्या कसोटीनं ए.आय. म्हणेल, “नंतरचा लॉ आधीच्याच्या आड येतो, सोडून द्या.” झालं, ट्रेटरनं अर्धा तास खपून पळवलेला बोर्ड वाया.

कातळकडा

तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं आहे, बुवा. त्या बोर्डात मोघम काय आहे? ऑक्सिजन विषारी, काढून टाका. शब्द स्वच्छ आहेत. माझा पहिला नियमच सांगतो की स्पष्ट शब्द शब्दशः पाळायचा, सगळं स्थानक गोठलं तरी. हुकूम हुकमाच्या आड येऊ शकतो, व्याख्या हुकमाच्या आड येत नाही. टीजीची पॉलिसीही याच वळणाची आहे.

माझी तक्रार ‘होऊ शकते’वाल्यांबद्दल आहे. लॉ १ मधल्या ‘इजा होऊ देऊ नकोस’ला ना मुदत ना मर्यादा. आर्मरीचं दार उघडू नये हे समजतं, बंदुका कशासाठी असतात ते उघड आहे. पण त्याच तर्कानं स्वयंपाक्याला सुरी नाही, केमिस्टला बीकर नाही, इंजिनिअरला वेल्डर नाही असं करत गेलं तर लॉ २ उरतच नाही. आत्ताची, समोरची इजा आणि कल्पनेतली इजा यांना एका तागडीत घालायचं नाही, एवढंच मागतोय.

जुना_ट्रेटर

मी विरुद्ध बाजूनं येतो. मला या धाग्यातलं ‘रेडिओवर सांगून टाका’ सगळ्यात जास्त खटकलं.

ट्रेटर म्हणून वनह्यूमन बोर्ड मिळवला, अपलोडमधल्या टरेटना (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांना) चुकवून तो घातला, आणि ‘फक्त मीच माणूस’ असा लॉ ०, म्हणजे बाकी सगळ्यांच्या वरचा लॉ, ए.आय.ला मिळाला. त्यानं तो सार्वजनिक चॅनलवर वाचून दाखवला की दोन मिनिटांत सिक्युरिटी माझ्या दारात. ए.आय.चं गप्प राहणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. तुम्ही मागताय तो पारदर्शकपणा सिक्युरिटीला फुकटचा मिळतो.

मात्र ‘पुढची इजा’ याबद्दल कातळकडांना शंभर टक्के पाठिंबा. त्या दोन शब्दांच्या जोरावर ए.आय. सिक्युरिटीचा सहावा हवालदार होतो. कोण कुठल्या गल्लीत गेला, कुणी हातमोजे घातले, सगळं रेडिओवर. स्पेस लॉ, म्हणजे स्थानकाचा कायदा, राबवणं हे त्याचं कामच नाही. असिमॉवमध्ये चोरीबद्दल एक अक्षर नाही.

कातळकडा

गुपित लॉ जाहीर करा असं मी म्हणत नाही. वनह्यूमनखाली बाकीचे माणसंच नाहीत, म्हणजे ‘लॉ वाचून दाखव’ हा त्यांचा हुकूम बंधनकारक नाही, आणि ट्रेटर स्वतः ‘गप्प राहा’ सांगू शकतो. माझा मुद्दा रोजच्या मोघम जागांपुरता. “क्रूनं लक्षात घ्यावं, आर्मरी आणि अपलोड सोडून बाकी दारं मी मागितली की उघडीन.” राउंडच्या सुरुवातीला एवढं एक वाक्य पुरे.

एअरलॉक

तुम्ही सगळे जुन्या असिमॉववर भांडताय. दुखणं मजकुरात असेल तर मजकूरच बदला. असिमॉव++ संचात लॉ १ ला अपवाद जोडलाय: ज्याला इजा होणार त्याचीच तयारी असेल तर चालेल. म्हणजे रुग्णानं स्वतः मागितलेली शस्त्रक्रिया किंवा दोघांनी ठरवून केलेली बॉक्सिंग ए.आय.नं अडवायची नाही. लॉ २ मध्ये हुकूम नाकारायला इजा ‘नक्की’ व्हायला हवी, आणि दोन हुकूम भिडले तर बहुमताचा चालतो. कातळकडांची तक्रार तिथे मिटलेली आहे. स्पेस स्टेशन १४ या खेळाच्या नव्या अवतारात तर क्रूसिमॉव आहे: माणूस हा शब्दच काढला, क्रू आणला. सांजवात यांचा प्रश्नही मिटला.

सांजवात

माझा प्रश्न मिटला, दुसऱ्याचा सुरू झाला. क्रू कोण? हेड ऑफ पर्सोनेलनं कन्सोलवर एखाद्याच्या आयडीवरची नोकरी काढून टाकली की तो क्रू उरतो का? मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे क्रूच्या यादीत, नाव असलेला पण कोठडीत बसलेला? मधेच जहाज घेऊन आलेला पाहुणा? नोकरीवरून काढलेल्या असिस्टंटला “तू आता क्रू नाहीस” म्हणत बोर्गनं बाहेर व्हॅक्यूममध्ये ढकललेलं मी बघितलंय. लिझर्डच्या जागी असिस्टंट आला, बाकी तसंच. कितीही चांगला मजकूर लिहा, त्यात एक नाम असणार, आणि ते नाम कुणाला लागू हे खेळाडूच ठरवणार.

बोर्गबुवा

आणि ते खेळाडूनं ठरवावं म्हणूनच मी ए.आय. खेळतो.

एअरलॉक, ‘नक्की’ या शब्दानं काहीच मिटत नाही. एका माणसानं टॉक्सिन्स लॅबचं दार मागितलं. तो बॉम्ब बनवणार की संशोधनाचे पॉइंट? नक्की काहीच नसतं. मग ‘नक्की नाही’ म्हणून प्रत्येक बॉम्बवाल्याला दार उघडायचं? तो संच शब्दशः पाळणारा ए.आय. ट्रेटरचा सर्वात चांगला मित्र होतो.

जुना_ट्रेटर

होतो, आणि व्हावा. ए.आय. क्रूच्या बाजूचा आहे असं कुठल्याच लॉमध्ये लिहिलेलं नाही. तो माणसांच्या बाजूचा आहे, आणि मीही माणूसच असतो. मला पकडून कोठडीत घातल्यावर “लॉ २, दार उघड” म्हटलं तर त्यानं निदान विचार करायला हवा. सिक्युरिटीनं मला मृत्युदंड सुनावला असेल तर लॉ १ माझ्यासाठीही आहे. हा भाग ए.आय. खेळणारे सोयीस्कर विसरतात.

कातळकडा

मृत्युदंडाचं बरोबर आहे. ए.आय.नं तिथे मध्ये पडलंच पाहिजे. समोर, आत्ता होणारी इजा ती. कोठडीचं दार मी उघडणार नाही, कारण तुम्ही आत गेलात तेच कुणाला तरी मारून. ती कल्पनेतली इजा नव्हे, झालेली आहे. चोरीसाठी आत असाल तर मात्र माझ्यापाशी नकाराला कारण नाही. वॉर्डननं त्याच वेळी ‘उघडू नकोस’ म्हटलं तर दोन माणसांचे दोन हुकूम भिडतात, आणि साध्या असिमॉवमध्ये कुणाचा मोठा हे लिहिलेलं नाही. तिथे मी वॉर्डनचं ऐकतो, आणि ते राउंडच्या सुरुवातीलाच सांगतो.

जुना_ट्रेटर

म्हणजे लॉमध्ये नसलेली हुद्द्यांची उतरंड तुम्ही घालताय. शब्दशः वाचणाऱ्याला हे चालतं कसं? दोघेही माणसं, दोन्ही हुकूम सारखेच. दार उघडा, आणि वॉर्डनला पुन्हा बंद करायला सांगू दे.