इस्तंबूलच्या पझारमध्ये ऑक्टोबरात काय काय घ्यावं? (शाकाहारी)

नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच कादिकोयला राहायला आलोय आणि इथला मंगळवारचा बाजार बघून अक्षरशः हरखून गेले. भोपळे, डाळिंबं, पिवळीधमक आयवा (क्विन्स, सफरचंदासारखं फळ), ती केशरी हुरमा (पर्सिमॉन), पालेभाज्यांचे ढीग! आता दिवाळीही येतेय. कशाचं काय करता ते सांगा ना. आणि विक्रेते स्वतःच पिशवी भरतात, आपल्याला निवडू देत नाहीत, असंच असतं का?

प्रतिसाद १
हो, बहुतेक ठिकाणी असंच. 'सेचमेजे' अशी पाटी असेल तिथे मात्र बिनधास्त निवडून घ्या. संध्याकाळी बाजार उठताना भाव उतरतात पण पालेभाजी तोवर मान टाकते, त्यामुळे पाला सकाळी आणि भोपळा, आयवा वगैरे संध्याकाळी असं करा.

पाझी मिळाली की सोडू नका, चार्डची मोठी पानं असतात, त्याच्या अळूवड्या अप्रतिम होतात आणि घशाला खाज सुटायची भीतीच नाही. बेसनाऐवजी नोहुत उनु, म्हणजे इथलं काबुली चण्याचं पीठ. सेमिझोतु म्हणजे आपली घोळ, तिचा हंगाम आता संपत आलाय म्हणून दिसली तर लगेच घ्या, लसणाची फोडणी देऊन मुगाच्या डाळीत घाला. पिरासा, म्हणजे लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी), पीठ पेरून करा.

प्रतिसाद २
दिवाळीला घारगे करा!! बालकाबाक म्हणजे लाल भोपळा, सोलून कापलेला मिळतो, निम्मं काम तिथेच संपतं. गूळ नाही मिळाला तर द्राक्षाचं पेकमेझ (काकवीसारखा आटवलेला रस) घालते मी, पातळ असतं म्हणून कणीक जरा जास्त लागते, रंग काळपट येतो पण चव फार सुंदर.

हुरमा घेताना बघून घ्या, चपट्या जातीतली काही कडक असतानाही गोड लागतात, पण लांबट टोकदार असेल तर पार लिबलिबीत होईपर्यंत थांबायचं, नाहीतर तोंडाला अशी तुरट मिठी बसते की बास. अंजीर आता शेवटचे, आवडत असतील तर याच आठवड्यात खाऊन घ्या. सेफेरीहिसारची मँडरिन हिरवी दिसली म्हणून सोडू नका, आतून गोड असतात.

धागाकर्ती
खूप खूप आभार! आयवा कच्चं खाल्लं तर घशात अडकलं, त्याचं काय करू?

प्रतिसाद १
साखरांबा. अर्धे करून बिया काढा पण फेकू नका, त्याच भांड्यात टाका, पाक छान आळतो. साखर, दोनतीन लवंगा, थोडं पाणी आणि एकदम मंद आच, तासभर तरी लागतोच, हळूहळू फोडी गुलाबी होत जातात. इथे त्यावर कायमाक म्हणजे घट्ट साय घालून खातात, तसंच खा. सुरी मात्र धारदार घ्या, फळ फार टणक असतं.

प्रतिसाद ३
चेस्टनट राहिले की! केस्ताने भाजायच्या आधी प्रत्येकाला चीर द्या, नाहीतर ओव्हनमध्ये फटाके फुटतील. पाण्यात टाकून तरंगणारे बाजूला काढायचे, ते बहुधा किडके निघतात.