डोळ्यांच्या संशोधनासाठी पेशंट पॅनेल: आपल्यापैकी कोणी येईल का?

प्रेषक: हॅरोची मावशी
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार,

कोजागरीच्या दिवशी दोघी-तिघींनी विचारलं, "मावशी, तुम्ही अधूनमधून कसल्या मीटिंगला जाता?" एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांनाच लिहिते.

मला चौदा वर्षांपासून काचबिंदू आहे. गेली तीन वर्षं मी डोळ्यांच्या संशोधनाच्या एका पेशंट पॅनेलवर आहे. संशोधक एखादा नवा अभ्यास आखतात तेव्हा त्याचा कच्चा आराखडा आम्हाला वाचायला देतात. आम्ही बाराएक जण आहोत. कुणाला मॅक्युलाचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाचा आजार, कुणाच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम झालेला, तर एकीच्या मुलाला जन्मापासून कमी दिसतं.

मागच्या खेपेचं उदाहरण सांगते. एका अभ्यासात प्रत्येक भेटीला डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे होते. भेटीची वेळ दुपारी तीनची, आणि तीही ऐन हिवाळ्यात. मी म्हटलं, तपासणी होऊन बाहेर पडेपर्यंत अंधार होणार. बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरून गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसणार. अशा वेळी सत्तरीची बाई एकटी बसस्टॉपपर्यंत कशी जाईल? ती पुढच्या भेटीला येणारच नाही. सगळे हुशार लोक, पण हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. भेटी सकाळच्या केल्या आणि टॅक्सीचे पैसे खर्चात धरले.

त्या टेबलाशी आपल्याकडची मी एकटीच असते. इथे ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका गोऱ्यांच्या दोन ते चार पट आहे, आणि मधुमेह आला की डोळ्यांची काळजी आलीच. तरी आपण तिथे नसतो, ही गोष्ट मला फार लागते. यंदा आणखी माणसं घेणार आहेत. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे किंवा घरात कुणाला आहे, त्यांनी मला जरूर लिहावं.

तुमची,
हॅरोची मावशी

⁂

प्रेषक: वेम्ब्लीचे काका

वहिनी, नमस्कार.

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. संशोधन म्हणजे आपल्यावर औषधं करून बघणार, असंच ना? सौ.लाही काचबिंदू आहे. तिला तपासणीच्या वेळी एकदा असंच एक पत्रक दिलं होतं. बारीक अक्षरांची आठ पानं! ज्याला दिसत नाही त्याच्या हातात आठ पानं दिली. आम्ही ते परत केलं. आणि दुसरं म्हणजे, आपण ना डॉक्टर ना शास्त्रज्ञ. आपण काय सांगणार त्यांना?

⁂

प्रेषक: हॅरोची मावशी

भाऊजी, राग कसला? मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासात पेशंट म्हणून भाग घेतला तर औषध किंवा लेझर आपल्यावर होतं. त्याला आपली लेखी संमती लागते आणि कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. पॅनेलवर यातलं काही नाही. तिथे तुमच्या डोळ्याला कुणी हातही लावत नाही, फक्त तुमचं म्हणणं ऐकतात. येण्याजाण्याचं भाडं आणि थोडं मानधन मिळतं. (कुणी सरकारी भत्ता घेत असेल तर मानधनाबद्दल आधी चौकशी करा, भत्त्यावर परिणाम होऊ शकतो.)

ते आठ पानांचं पत्रक म्हणजे नेमकं आमचंच काम. आम्ही अक्षर मोठं करायला लावतो, काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं ते बघतो, फोनवरून ऐकता येईल अशी प्रत मागतो. तुम्ही परत केलंत, तेव्हा कारण कुणी विचारलं का? विचारायला हवं होतं.

आता, आपण काय सांगणार? इथे जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम २००४ पासून चालतो. जेम्स लिंड हे आरमाराचे डॉक्टर. १७४७ साली त्यांनी जहाजावरच्या स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) झालेल्या बारा खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबं खाणारे लवकर बरे झाले. त्यांच्या नावाचा हा उपक्रम पेशंट, घरची माणसं आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाने आधी कोणते प्रश्न सोडवावेत ते ठरवतो. डोळ्यांसाठी हे काम २०१२-१३ मध्ये झालं. २,२२० लोकांनी मिळून ४,४६१ प्रश्न पाठवले, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना स्वतःलाच डोळ्यांचा त्रास होता. मोतीबिंदूच्या यादीत सगळ्यात वर काय आलं माहीत आहे? मोतीबिंदू होऊच नये म्हणून काय करता येईल! शस्त्रक्रिया इतकी चांगली झाली आहे, तरी लोकांनी हे विचारलं. मला ते अगदी आपल्या घरातलं वाटलं.

काचबिंदूचंही सांगते, वहिनींना उपयोग होईल. लाइट नावाच्या चाचणीत नव्याने निदान झालेले ७१८ पेशंट होते. निम्म्यांना आधी लेझर, निम्म्यांना आधी थेंब. काचबिंदूत हे दोन्ही उपाय डोळ्यातला दाब कमी करण्यासाठीच असतात, पण संशोधकांनी मुख्य मोजमाप त्या दाबाचं धरलं नाही, पेशंटचं रोजचं जगणं कसं आहे याचं धरलं. त्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. पण २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा लेझर केलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज नव्हती. २०२२ पासून इथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बऱ्याच नव्या पेशंटना पहिला उपाय म्हणून लेझर सुचवलं जातं. चौदा वर्षं रोज रात्री बाटली हातात धरणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल, ते वहिनींना विचारा.

जाता जाता: आईवडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर इंग्लंडमध्ये चाळिशीनंतर डोळे फुकट तपासून मिळतात. वहिनींच्या इथल्या भावंडांना सांगा. माझ्या सांगलीच्या भावाला मी फोनवर मागे लागून तपासायला लावलं.

⁂

प्रेषक: रेडिंगहून, एक नवीन सभासद

मावशी, तुमचं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

आई दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. मराठीशिवाय काही बोलत नाही. तपासणीला दुभाषी म्हणून हिंदी बोलणारे गृहस्थ आले. ते सज्जन होते, पण आई संकोचाने नुसतं "हो, हो" म्हणत राहिली. चार महिन्यांनी मला कळलं, डोळा दुखेल तेव्हाच थेंब घालायचे असं ती समजून होती. काचबिंदू बहुतेक वेळा दुखतच नाही. त्यामुळे बाटली जवळजवळ भरलेलीच होती. माझंच लक्ष नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

अशा माणसाचा पॅनेलला काही उपयोग आहे का?

⁂

प्रेषक: हॅरोची मावशी

अगं, उपयोग म्हणजे काय! "थेंब नियमित घालता का?" याला "हो" म्हणून गेलेल्या आणि बाटली भरलेली असलेल्या किती आया त्यांच्या आकड्यांत असतील, हे त्यांना कोण सांगणार? तुझ्या आईच सांगू शकतात. पुढच्या बैठकीला त्यांना घेऊन ये. मी शेजारी बसून दोन्हीकडचं सांगेन. समन्वयक बाईंना आजच कळवते की दुभाषी बोलावताना भाषा विचारून घ्या. आणि स्वतःला दोष देऊ नकोस, बाळा. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली.

⁂

प्रेषक: वेम्ब्लीचे काका

वहिनी, सौ.ला मीटिंगला यायचं नाही, तिला चार लोकांत बोलवत नाही. पण तिने दोन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत.

एक: हनुवटी टेकवून दिवा दिसला की बटण दाबायचं, ती तपासणी. मध्येच कितीतरी वेळ काहीच दिसत नाही, तेव्हा आपला डोळा गेला असं वाटून ती घाबरते आणि मग पुढचे दिवेही चुकतात. ते आधी नीट समजावून सांगता येणार नाही का?

दोन: संधिवातामुळे बाटली दाबली जात नाही. निम्मे थेंब गालावर जातात.

⁂

प्रेषक: हॅरोची मावशी

भाऊजी, पहिला मुद्दा वहिनींच्याच शब्दांत बैठकीत वाचून दाखवते. त्या तपासणीत मुद्दाम इतके मंद दिवे दाखवतात की चांगल्या डोळ्यालाही त्यातले बरेच दिसत नाहीत. हे मलाही चौथ्या वर्षी कळलं.

दुसऱ्यासाठी थांबू नका. बाटली दाबायला सोपं जाईल अशी साधनं मिळतात. उद्याच फार्मसीत विचारा. बाटलीचा फोटो मला पाठवा, सगळ्या बाटल्यांना एकच साधन बसत नाही.