डोंगर चढायचं वेड नक्की कशामुळे लागतं?

मडगावकर: काल पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर गेलो, साधारण 350 मीटरच असेल, पण वर देवळापाशी वारा लागला आणि खाली उतरावंसंच वाटेना. समुद्र घराजवळ असून आपल्याला डोंगर का ओढतो हो?

वाळपईवाला: गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीला 1923 मध्ये हेच विचारलेलं, तो म्हणाला एव्हरेस्ट आहे म्हणून. पुढच्याच वर्षी तो तिथेच गेला, आणि त्याचा देह सापडला थेट 1999 मध्ये! मला ते उत्तर अपुरं वाटतं. आमच्या सत्तरी तालुक्यात सोंसोगड आहे, गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर, तिथे चढताना डोक्यातले ऑफिसचे विचार आपोआप बंद होतात कारण पुढचं पाऊल कुठे टाकायचं एवढंच उरतं, मला वाटतं ओढ त्याचीच असते.

फोंड्याची ताई: पटलं. पण एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश, तिथे श्वास घेणंही कष्टाचं, तरी माणसं जातात. माझे बाबा साठीनंतर कळसूबाई चढले, 1646 मीटर, वर पोचल्यावर चक्क रडले. कारण विचारायचं मला सुचलंच नाही.

मडगावकर: ताई, बाबांना विचारा ना, आणि इथे लिहा प्लीज.