काळ्या मातीच्या मुलखात बुटावरची माती पुरावा ठरते का?

प्रश्न (पोलीस पाटील, दारव्हा तालुका)
गावातील एका विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीस गेली. संशयिताच्या बुटांना चिखल आढळला. तो मात्र ही माती आपल्याच वावरातली असल्याचे सांगतो. दोन्ही वावरे काळ्या मातीची आहेत. अशा स्थितीत मातीवरून काही सिद्ध होते का?

उत्तर (निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नागपूर)
पाटील साहेब, नुसती काळी माती जुळली म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकण माती यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंत पसरलेली आहे. हाच चिखल गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत फिरणाऱ्याच्या बुटावर निघाला असता, तर गोष्ट वेगळी होती. येथे पाहायचे ते मातीत काय मिसळले आहे ते: विहीर खोदताना वर आलेला मुरूम, कठड्याच्या सिमेंटचे कण, मोटारीचे ऑइल.

संशयिताचे म्हणणे मात्र तपासता येते. जर्मनीत १९०८ मध्ये गेऑर्ग पॉप यांनी खुनाच्या एका प्रकरणात आरोपीच्या बुटावरील मातीचे थर एकेक करून वेगळे केले. घटनास्थळाच्या लाल वालुकाश्माची माती त्यांत होती; ज्या शेतात फिरत होतो असे तो सांगत होता, तेथील खडकाचे कण मात्र नव्हते. म्हणून माती खरवडून पुडीत बांधू नये. थर मोडले की निम्मा पुरावा गेला; अख्खा बूट वाळवून कागदात गुंडाळावा.

उत्तर (मृदाशास्त्राचा विद्यार्थी, अकोला)
एक भर घालतो. तुलनेसाठी विहिरीचा काठ, पायवाट आणि संशयिताचे वावर अशा प्रत्येक जागेवरून वरच्या पातळ थराचे अनेक नमुने हवेत, कारण एकाच वावरात बांधाजवळची आणि मधली माती सारखी नसते. प्रयोगशाळेत रंग, कणांचा आकार आणि खनिजे ताडून पाहतात. तरीही हे तज्ज्ञाचे मत असते. त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड लागतेच.

प्रश्नकर्ता
बूट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले दिसले. नमुने मी घेऊन ठेवू का?

उत्तर (निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नागपूर)
नाही. नमुने तपास अधिकाऱ्यांनीच पंचांसमक्ष घ्यावेत. ओला चिखल प्लास्टिकमध्ये बुरसतो, हे त्यांना आजच कळवा. तोवर विहिरीच्या काठावर गुरे आणि ट्रॅक्टर जाऊ देऊ नका. आभाळ भरून आल्यास ताडपत्री टाका.